विश्लेषण : सोडियम बॅटरीचे घोडे ॲनोडपाशी का पेंड खाते?

लिथियमसाठी आयातीवर विसंबणाऱ्या भारताला सोडियम-आयन बॅटरी आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. सोडियम मिठातही असते. तरीही ही बॅटरी रस्त्यावर अपवादानेच दिसते. यामागचे एक मोठे कारण म्हणजे तिचा ॲनोड, अर्थात ऋणाग्र.

ग्राफाइट का चालत नाही?

बॅटरी चार्ज होताना आयन ॲनोडमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना बाहेर पडतात. लिथियम बॅटरीत ही जागा ग्राफाइट पुरवते. सोडियमचा आयन लिथियमपेक्षा मोठा म्हणून तो ग्राफाइटमध्ये मावत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. त्याहून मोठा पोटॅशियम ग्राफाइटमध्ये शिरतो; सोडियमचे मात्र ग्राफाइटशी स्थिर संयुगच जमत नाही. त्यामुळे सध्याच्या बहुतेक सोडियम बॅटऱ्यांत हार्ड कार्बन वापरतात. नारळाच्या करवंटीपासूनही बनणाऱ्या या कार्बनची क्षमता ग्रॅममागे साधारण ३०० मिलिॲम्पिअर-तास असते.

मग नॅनोकम्पोझिट कशासाठी?

कथलाची सैद्धांतिक क्षमता ८४७, तर फॉस्फरसची तब्बल २,५९६ मिलिॲम्पिअर-तास आहे. पण सोडियम सामावताना कथील फुगून सुमारे पाचपट होते आणि सोडियम बाहेर पडताच आक्रसते. चार्जिंगच्या काही फेऱ्यांतच त्याचा भुगा होतो आणि विजेची वाट तुटते. यावर उपाय म्हणजे पदार्थाचे कण नॅनोमीटरच्या मापाचे करून ते कार्बनच्या वेष्टनात किंवा जाळीत बसवणे. लहान कण फुटत नाहीत, कार्बन फुगवटा सोसतो आणि वीजही वाहून नेतो. हेच नॅनोकम्पोझिट.

बेंगळूरुच्या संशोधनात काय आहे?

तेथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राने २०२५ मध्ये सहा मिनिटांत ८० टक्के चार्ज होणारी आणि तीन हजारांहून अधिक फेऱ्या टिकणारी सोडियम बॅटरी विकसित केल्याचे जाहीर केले. प्रा. प्रेमकुमार सेनगुट्टुवन यांच्या गटाने ॲनोडसाठी निओबियम व व्हॅनेडियम असलेला फॉस्फेट घेतला, त्याचे कण नॅनो आकाराचे केले, त्यांवर कार्बनचे वेष्टन चढवले आणि थोडे ॲल्युमिनियम मिसळले. कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. मात्र जगातील सुमारे ९० टक्के निओबियम एकट्या ब्राझीलमधून येते. ‘मिठावर चालणाऱ्या’ बॅटरीची चर्चा करताना हा तपशील नजरेआड होऊ नये.

कारखान्यात अडचण कुठे येते?

कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा. पहिल्याच चार्जिंगमध्ये या पृष्ठभागावर एक थर साचतो आणि त्यात अडकलेले सोडियम कायमचे वाया जाते. प्रयोगशाळेतील चाचणीत सोडियम धातूचा भरपूर साठा समोर ठेवलेला असेल, तर ही तूट जाणवत नाही. पूर्ण बॅटरीत मात्र सोडियम मोजकेच असते. शिवाय नॅनोपावडर भुसभुशीत असल्याने तेवढ्याच जागेत कमी माल मावतो. म्हणून ‘ग्रॅममागे इतकी क्षमता’ हा आकडा वाचताना पहिल्या फेरीतील घट किती, हे आधी पाहावे.

बाजार थांबेल का?

चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये किलोमागे १६० वॉट-तासांची सोडियम बॅटरी आणली. २०२५ मध्ये तो आकडा १७५ वर नेल्याचे सांगितले. दरम्यान २०२२ च्या उच्चांकानंतर लिथियमचे भाव ८० टक्क्यांहून अधिक कोसळले आणि सोडियमचा स्वस्ताईचा दावा लंगडा पडला. दुसरीकडे, चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यामुळे ग्राफाइटविना चालणाऱ्या बॅटरीचे मोल वाढले. रिलायन्सने ब्रिटनची फॅराडिऑन विकत घेतली आहे. पुण्याच्या केपीआयटीने तेथील आयसर संस्थेसह विकसित केलेले तंत्रज्ञान २०२३ मध्ये सादर केले. नॅनोकम्पोझिटची पावडर किलोने नव्हे, टनाने आणि प्रत्येक वेळी एकाच दर्जाची बनवणे, हे काम अजून बाकी आहे.