पिकअप घेताय? आधी गोणी मोजा!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न: "सर, मालासाठी कोणती पिकअप घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे. शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या गोणी मोजा.

वाशीच्या एपीएमसीत कांद्याची गोणी साधारण 50 किलोची. रोजच्या 12 गोणी म्हणजे 600 किलो, त्याला छोटा हाथी पुरतो. 25 गोणी म्हणजे 1250 किलो, मग बोलेरो पिकअपच्या वर्गातली गाडी बघा. "लहान घेऊ आणि जास्त भरू" हा हिशोब नको. ओव्हरलोडचा दंडच 20,000 रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

मी हीच चूक केली. स्वस्तात जुनी गाडी घेतली आणि 22 गोण्या कोंबत राहिलो. एका पहाटे सायन-पनवेल हायवेवर क्लच प्लेट गेली. गाडी ओढून नेली, दुरुस्त झाली. पण माल वेळेवर पोचला नाही म्हणून तुटलेली दोन हॉटेलं परत आली नाहीत.

म्हणून ब्रँडवरून भांडू नका. तीन गोष्टी बघा: जवळ मेकॅनिक आणि पार्ट मिळतात का? जुनी असेल तर फिटनेस, इन्शुरन्स चालू आहे का, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का? माल भरून चढावर गाडी कशी ओढते?

आणि शेवटचं. आधी महिनाभर भाड्याचा टेम्पो लावा, रोजचं भाडं वहीत लिहा. हप्ता, डिझेल, ड्रायव्हर, मेंटेनन्स मिळून त्यापेक्षा कमी पडत असेल, तरच गाडी घ्या. दारात उभी गाडी म्हणजे धंदा नव्हे, हप्ता!