काय आणलेत?

परदेशची सहल किती दिवसांची, याचा जाहिरातीत छापलेला आकडा कधी खरा मानू नये. त्यातून एक दिवस बिनदिक्कत वजा करावा. सहा दिवसांची सहल पाचच दिवसांची असते. सहावा दिवस वजनकाट्याचा. त्या दिवशी आपली मंडळी देश पाहत नाहीत; बॅगेच्या कडीला काटा अडकवून त्यावरचा आकडा पाहतात.

सिंगापूरचेच घ्या. सुट्टीच्या दिवसांत तिथल्या सेरंगून रस्त्यावर आपण लक्ष्मी रोडवर आलो की काय, असा भास होतो. चॉकलेटे, टायगर बामच्या बाटल्या, सिंहाचे तोंड नि माशाचे शेपूट असलेल्या किल्लीच्या साखळ्या. सारे डझनाच्या हिशेबाने. शेजारी दोन, ऑफिसात बारा, मुलाच्या क्लासच्या बाईंना एक. याला प्रेम म्हणावे, तर यादीतल्या निम्म्या माणसांची वर्षभर आठवण होत नाही. ही जकात आहे, ‘काय आणलेत?’ या प्रश्नाची जकात. त्यापेक्षा विमानतळावरचा कस्टमवाला बरा, त्याला निदान मर्यादा तरी ठरवून दिलेली असते! शिवाय तीच चॉकलेटे आता आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात.

आणि हे भरायचे कोणी? पुरुषमंडळी खाली लॉबीत बसून फोनवर विचारणार, ‘झालं का?’ वर खोलीत बायको बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढते आहे. घरचा ओटा सुटला म्हणून आलेली बाई शेवटच्या दिवशी पुन्हा कामाला जुंपलेली. याला सुट्टी म्हणतात!

गेल्या मे महिन्यात आम्ही तिथे होतो. ‘उद्याचा दिवस खरेदीला मोकळा,’ असे सहलीच्या व्यवस्थापकाने जाहीर केले. सासूबाईंनी भीत भीत विचारले, ‘नेताजींचं इथे काही आहे ना? माझे वडील सांगायचे.’ ‘आजी, ते आपल्या प्रोग्रॅममध्ये नाही,’ तो हसून म्हणाला. मला त्याचे हसणे झोंबले. मी यजमानांना सांगितले, ‘उद्या बॅगा तुम्ही आणि मुलांनी भरायच्या. मावणार नाही ते राहू द्या.’ सकाळी सासूबाईंचा हात धरून मी निघाले.

फेरर पार्कहून भुयारी गाडीने दुसरेच स्टेशन ढोबी घाट. (नावसुद्धा आपलेच! सासूबाईंना त्याची फार गंमत वाटली.) तिथे जुन्या कॅथे इमारतीचा दर्शनी भाग अजून राखलेला आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी याच इमारतीत नेताजींनी आझाद हिंदचे हंगामी सरकार घोषित केले. दुसऱ्याच दिवशी याच शहरात डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीच्या राणीच्या पलटणीची छावणी सुरू झाली. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या घरांतल्या तमिळ मुली तीत होत्या. कित्येकींनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण तांब्यांच्या घरच्या एका मराठी मुलीच्या नावाने त्यांनी बंदुका उचलल्या. आणि त्याच गावात आम्ही काय उचलतो, तर पिशव्या!

तिथून एस्प्लनेडच्या बागेत गेलो. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनी इथे ८ जुलै १९४५ ला बसवली. सप्टेंबरात इंग्रज परतले आणि त्यांनी ते स्मारक जमीनदोस्त केले. आज त्या जागी १९९५ साली लावलेली खुणेची पाटी तेवढी आहे. सासूबाईंनी चपला काढल्या. फरशी तापलेली होती, तरी त्या उभ्या राहिल्या. आजूबाजूला आपल्याकडचे कोणी नव्हते. दोन्ही ठिकाणे मिळून तीन तास लागले असतील. एवढे तीन तास कुठल्या ‘प्रोग्रॅम’मध्ये बसत नाहीत?

रात्री चांगी विमानतळावर आमच्या सहलीतल्या तीन कुटुंबांनी भर रांगेत बॅगा उघडल्या. एक गृहस्थ तर वजन वाचवायला अंगात दोन कोट घालून घामाघूम झाले होते. पुढे साडेपाच तास विमानात भावांची चर्चा! कोणाला साखळ्या स्वस्त पडल्या, कोण फसले. मुंबईला उतरताना मी घड्याळ अडीच तास मागे केले. सासूबाई खिडकीशी जाग्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारले, ‘काय आणलेत?’

‘बसा ना, सांगते,’ सासूबाई म्हणाल्या.

काकूंना घाई होती.