बल्गेरियन फुटबॉल : खेळाडू गेले, वाटा कुठे गेला?

सप्टेंबर २००८ मध्ये दिमितार बर्बातोव्ह टॉटनहॅम सोडून मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाला, तेव्हा ३ कोटी साडेसात लाख पौंडांचा व्यवहार झाला होता. ज्या ब्लागोएव्हग्राड शहरातील पिरिन क्लबने त्याला लहानपणी घडवले आणि ज्या सीएसकेए सोफियाने त्याला नावारूपाला आणले, त्यांच्या पदरात या रकमेतील एक पैसाही पडावा, अशी तरतूद तत्कालीन नियमांत नव्हती. भारतीय प्रेक्षकांनी पुढे २०१७-१८च्या मोसमात केरळ ब्लास्टर्सच्या पिवळ्या जर्सीत पाहिला तो हाच बर्बातोव्ह.

यामागील कारण तांत्रिक आहे. खेळाडूचा करार शिल्लक असताना त्याची विक्री झाली, तर मोबदल्याच्या पाच टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत प्रशिक्षण देणाऱ्या क्लबांमध्ये वाटावी, असा 'फिफा'चा नियम आहे. १२ ते १५ या वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का आणि त्यापुढे दरवर्षी अर्धा टक्का, असे त्याचे गणित. परंतु २०२० पर्यंत हा वाटा केवळ दोन वेगवेगळ्या देशांच्या क्लबांमधील व्यवहारातच देय होता. टॉटनहॅम आणि युनायटेड दोन्ही इंग्लिश. एरवी पंधरा लाख पौंडांहून अधिक रक्कम वाटपाला आली असती.

आता मूळ प्रश्नाकडे. साम्यवादी राजवटीत ठराविक वय उलटल्याशिवाय बल्गेरियन खेळाडूला परदेशी क्लबकडे जाण्याची मुभा नसे. ही बंधने सैल होताच ह्रिस्तो स्टॉइचकोव्ह १९९० मध्ये सीएसकेएकडून बार्सिलोनाकडे गेला. १९९४ च्या विश्वचषकात जर्मनीला नमवून उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघातील कोस्तादिनोव्ह पोर्तोकडून, बालाकोव्ह स्पोर्टिंग लिस्बनकडून, तर लेचकोव्ह हॅम्बर्गकडून खेळत होता. त्यामुळे 'खेळाडू परदेशी गेले म्हणून फुटबॉल बुडाले' हा नेहमीचा सूर टिकणारा नाही. ते सारे मायदेशातील लीगमध्ये तावून-सुलाखून निघाल्यावर गेले होते.

बदलले ते जाण्याचे वय आणि जाण्याच्या अटी. डिसेंबर १९९५ मधील बॉसमन निकालामुळे करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील क्लबांना मोबदला मागता येईनासा झाला. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात सामील झाला. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरणास 'फिफा'ची बंदी असली, तरी युरोपीय संघांतर्गत ही मर्यादा सोळा वर्षांवर येते. साहजिकच सोफियातील गुणी मुलाला पहिल्या संघात पदार्पण करण्यापूर्वीच इटली किंवा जर्मनीचे दार उघडे झाले.

त्यात क्लबांची तिजोरी रिकामी. कर्जाच्या ओझ्याखाली सीएसकेएसारख्या मातब्बर क्लबवर २०१५ मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत जाण्याची पाळी आली. दोन महिन्यांचे वेतन थकले की रीतसर नोटीस देऊन खेळाडू करारातून मोकळा होऊ शकतो, ही तरतूद खेळाडूच्या दृष्टीने न्याय्यच आहे. मात्र तसे होण्याआधी मिळेल त्या किमतीला विकून टाकण्याची घाई क्लबला सुटते, आणि समोरच्या ग्राहकाला ती दिसत असते.

याला अपवाद राझग्राडच्या लुडोगोरेट्सचा. २०११ मध्ये वरच्या श्रेणीत आलेल्या या क्लबने २०१२ ते २०२५ अशी सलग १४ विजेतेपदे पटकावली, दोनदा चॅम्पियन्स लीगची गटसाखळीही गाठली. चोख व्यवस्थापनाचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण या यशाचा मोठा भाग ब्राझील व अन्य देशांतून आणलेल्या खेळाडूंवर उभा राहिला. त्यातील मार्सेलिन्हो तर पुढे बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघातूनच खेळला! राष्ट्रीय संघ मात्र १९९८ नंतर विश्वचषकाला आणि २००४ नंतर युरो स्पर्धेला पात्र ठरलेला नाही. २०२६ च्या विश्वचषकाचे दारही बंदच राहिले.

नोव्हेंबर २०२२ पासून 'फिफा'चे क्लिअरिंग हाऊस प्रशिक्षणाचा वाटा परस्पर क्लबांकडे पोहोचवते. २०२० पासून, मुलगा परदेशी क्लबमध्ये घडलेला असल्यास देशांतर्गत विक्रीतही हा वाटा लागू होतो. म्हणजे बर्बातोव्हसारखा व्यवहार आज झाल्यास पिरिनचा हक्क बुडणार नाही. अट एवढीच, की बाराव्या वर्षापासूनची त्या मुलाची नोंदणी बल्गेरियन महासंघाच्या दप्तरी बिनचूक असली पाहिजे. आणि मुळात तो विकला गेला पाहिजे. करार संपवून फुकट गेलेल्या खेळाडूच्या पाच टक्क्यांचे उत्तर शून्यच येते.