दप्तर लावा, पण विषयानुसार नव्हे, कामानुसार!

छोट्या कारखान्याच्या कपाटात ‘टेम्पो’ नावाची एक जाडजूड फाइल हमखास सापडते. खरेदीचे बिल, विमा, गॅरेजची बिले, ड्रायव्हरच्या आधार कार्डाची प्रत, अपघातानंतरचा वकिली पत्रव्यवहार, सगळे त्यात. विषय एकच, म्हणून फाइल नीट लावली आहे असे वाटते. जीएसटीची नोटीस आली, की मात्र अशा प्रत्येक फाइलचे पानन्‌पान उलटावे लागते.

फरक नेमका काय?

विषय सांगतो, कागद कशाबद्दल आहे. काम सांगते, तो कशासाठी तयार झाला. कामानुसार लावले तर टेम्पोचे बिल ‘खरेदी’त, गॅरेजची बिले ‘देखभाली’त, ड्रायव्हरचे कागद ‘कर्मचारी’ विभागात आणि वकिलाची पत्रे ‘कायदेशीर बाबीं’त जातात. गाड्या, ग्राहक, पुरवठादार बदलतात. खरेदी, विक्री, पगार, कर ही कामे तीच राहतात. म्हणून ही मांडणी टिकते. दप्तर व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५४८९ हेदेखील वर्गीकरणाचा आधार म्हणून व्यवसायाच्या कामांकडेच पाहते.

कायद्याचा संबंध कुठे?

कागद किती काळ ठेवायचा, हे त्याच्या कामावर ठरते. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीची हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे, तर सभांची इतिवृत्ते कायमची जपावी लागतात. हे सारे एकाच फाइलमध्ये कोंबले, तर दोनच गोष्टी घडतात. एक तर काहीच फेकले जात नाही, नाहीतर रद्दीबरोबर हवा तोच कागद जातो.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. ‘टेम्पो’ची फाइल गॅरेजचे बिल शोधणाऱ्याच्या हाती गेली, की ड्रायव्हरचे आधारही त्याच्या हाती जाते. वैयक्तिक माहिती ज्या उद्देशासाठी घेतली तो संपला की ती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. उद्देशानुसार फाइलच नसेल, तर पुसायचे काय, हे कळणार कसे?

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांतल्या ‘सहा गठ्ठे’ पद्धतीत प्रलंबित, प्रतीक्षाधीन, अभिलेख कक्षात पाठवायचे, नष्ट करायचे असे गठ्ठे असतात. तिथेही कागदाचा विषय गौण. त्याचे पुढे काय करायचे, हे महत्त्वाचे.

आक्षेप आणि उत्तर

‘आम्ही तर पार्टीच्या नावानेच शोधतो,’ असे दुकानदार म्हणतील. ते खरेच आहे. म्हणून नाव काढून टाकायचे नाही. ते फाइलच्या नावात ठेवायचे. फोल्डर ‘विक्री – बिले – २०२४-२५’ आणि आतल्या फाइलवर ग्राहकाचे नाव व तारीख. संगणकावर नाव टाकून शोध घेतला, की ती सापडते.

जुने कपाट एका दिवसात उपसायची गरज नाही. येत्या १ एप्रिलपासूनचे नवे कागद कामानुसार लावावेत, प्रत्येक फोल्डरवर ‘कधीपर्यंत ठेवायचे’ हे लिहावे. हिशेब सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला, तरी नव्या माणसाला दप्तर समजले पाहिजे. ते एकाच्याच डोक्यात राहणे धंद्याला परवडणारे नाही.