मोटारीचा प्लग : निकेल कीं इरिडियम ?

मोटारीचे स्पार्क प्लग बदलावयाची वेळ आली, म्हणजे ‘कॉपर’, प्लॅटिनम व इरिडियम असे तीन प्रकार दुकानदार पुढें मांडतो. आणि महाग तोच उत्तम, असें सुचवितो. पैसे मोजण्यापूर्वीं गृहस्थानें या धातूंचें कार्य समजून घेणें हिताचें आहे.

प्रथम नांवांतील घोटाळा दूर करूं. ‘कॉपर’ प्लगमध्यें तांबें असतें तें केवळ गाभ्यांत. तें उष्णता झपाट्यानें वाहून नेतें. परंतु ठिणगीच्या सततच्या माऱ्यापुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. म्हणून टोंक निकेलच्या मिश्रधातूचें करितात. बहुतेक इरिडियम प्लगांचा गाभाहि तांब्याचाच असतो. भेद काय तो टोंकाचा.

निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतें, प्लॅटिनम १७६८ ला, तर इरिडियम सुमारें २४५० ला. इरिडियम फार सावकाश झिजत असल्यामुळें त्याचें टोंक बारीक ठेवितां येतें. निकेलचें टोंक सुमारें अडीच मिलिमीटर जाड असतें. इरिडियमचें कांहीं प्लगांत अवघें ०.४ मिलिमीटर. बारीक टोंकावरून ठिणगी कमी व्होल्टेजनें उडते.

मग इरिडियमनें एंजिनाचें बळ वाढतें काय ? सुस्थितींतील निकेलची ठिणगी मिश्रण नीट पेटवीत असेल, तर नित्याच्या मोटारींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. खरा लाभ आहे तो आयुष्याचा. निकेलचा प्लग साधारणतः तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो. दोन्ही टोंकांस मौल्यवान धातु लावलेला इरिडियमचा लाखाच्या घरांत जातो. तेव्हां किंमत व मजुरी यांस किलोमीटरांनीं भागून पाहावें. वर्षाकाठीं थोडी धांवणाऱ्या, प्लग सहज हातीं येणाऱ्या जुन्या मोटारीस निकेल पुरेसें आहे.

मात्र कारखान्यानेंच इरिडियम सांगितलें असेल, तेथें काटकसर करूं नये. निकेल घालून लाख किलोमीटरांची वाट पाहिली, तर टोंकें झिजून मधलें अंतर वाढतें व ठिणगी चुकूं लागते. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि अतिउष्णतेनें तो निकामी होतो. त्याच्या एका किंमतींत प्लगांचे कित्येक संच येतील.

म्हणून मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका आधीं उघडावी, व तींत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग मागावा.