आत्याचं गाव

2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रातली घरंच्या घरं जुने कागद उपसायला लागली. कोतवाल बुकं, शाळेची जनरल रजिस्टरं, मोडीतले दाखले. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. मराठा आरक्षणाच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. तो वर्षभर सगळीकडे चालूच असतो. पण या शोधात आणखी एक गोष्ट घडली. एक नोंद सापडली की भावकीतल्या साऱ्यांचं काम होतं म्हटल्यावर, बांधावरून बोलणं तुटलेली चुलत घरं वंशावळ जुळवायला एका सतरंजीवर बसली. पणजोबांचा धाकटा भाऊ कुठल्या गावी जाऊन राहिला, त्याचे नातू आता काय करतात, हे पहिल्यांदा कळलं.

मात्र ही वंशावळ बापाकडून वर चढते आणि मुलाकडून खाली उतरते. छापील कुलवृत्तांतांचंही तेच. सून तिथे माहेरच्या नावासकट येते, मुलगी सासरच्या गावापाशी थांबते. तिची पोरंबाळं पुढच्या पानावर नसतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाला आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की बासनातून नामावळ निघते. कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, सोबत कोण होतं, सारं तिथे मिळतं. आजी मिळते, पणजी मिळते. लग्न होऊन गेलेली आत्या मात्र तिच्या सासरच्यांच्या वहीत, बहुधा दुसऱ्याच उपाध्यायाच्या घरी.

मग ती सापडते कुठे? आमच्या अनुभवात, जमिनीच्या फेरफारात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, त्यामुळे खातेदार वारला की वारसांत मुलींची नावं लागू लागली. गाव नमुना 6 मधली आमच्याच घराची एक नोंद बघा : खातेदार मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक. दोन्ही मुलींपुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव. त्यानंतर काही महिन्यांनीच दुसरा फेरफार : बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला, नावं कमी केली. खाली दोन अंगठे. भाऊबीजेला ओवाळणी घालायची आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा, ही रीत आपल्याला अजून खटकत नाही, हे खरं. पण ज्या कागदानं या बायकांना घराबाहेर काढलं, त्याच कागदात त्यांचा पत्ता उरला आहे. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार आता स्कॅन झाले आहेत, घरबसल्या दिसतात. वडीलधाऱ्यांना जे नातं आठवत नाही, ते तलाठ्याच्या अक्षरात आहे.

त्या दोन गावांपैकी एका गावी आम्ही फोन लावला. ओळख सांगितली, नातं सांगितलं. पलीकडे जरा वेळ कोणी बोलेना. मग आजोबांच्या बहिणीचा नातू म्हणाला, "कशावर सही पायजे का?" त्याची काय चूक? इतक्या वर्षांत मामाच्या गावाहून आलेला प्रत्येक माणूस कागद घेऊनच आला असणार. सही नको, नुसती नावं हवीत, हे पटवायला दिवाळीच्या फराळापर्यंत जावं लागलं. मग मात्र त्याच्या आईनं फोन घेतला, तो सोडेचना. आमच्या घरची पुरणाची आमटी ती सासूकडून शिकली होती. तिखट किती घालता, हे तिनं आधी विचारलं.

यंदाच्या दिवाळी अंकात म्हणून मधल्या पानांवर कोरा तक्ता दिला आहे. फराळाला जमाल तेव्हा भरा. आत्या, आतेभाऊ, मावशीची नातवंडं, माहेरची-सासरची दोन्ही गावं, सगळ्यांना सारखीच जागा आहे. छापखान्यातले काका म्हणाले, मुलींच्या पुढच्या पिढ्या धरल्या तर दोन पानांत मावणार नाही. चार केली. एका सराफाची रंगीत जाहिरात त्यापायी मलपृष्ठाच्या आत सरकवली; तो थोडा नाराज आहे, पण त्याच्याकडच्या तक्त्यात पहिलं नाव आजीच्या माहेरचं भरलंय म्हणे.

भरलेले तक्ते पाठवू नका, घरीच ठेवा. जुन्या फेरफाराची झेरॉक्स मात्र हातोहात पुढे जाऊ द्या.