हाताला मुंग्या येतात तेव्हां

शिरूर-दौंडकडील घरांतून ‘हाताला मुंग्या येतात’ ही तक्रार आम्हांस वारंवार ऐकूं येते. भाकरी थापून हात भरून आला असेल, असें म्हणून ती बाजूस सारली जाते. परंतु सर्व मुंग्या सारख्या नसतात. अंगठा, तर्जनी व मधलें बोट रात्रीं बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर बहुधा मनगटांतील मज्जातंतु दाबला जात असतो. रात्रीं मनगट सरळ धरणारी पट्टी बांधल्यानें पुष्कळांस उतार पडतो. न पडल्यास लहानशा शस्त्रक्रियेनें दाब मोकळा करतां येतो.

करंगळी बधिर झाल्यास दोष बहुधा कोपरामागील तंतूंत असतो. त्यांतच अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, किंवा तव्याचा चटका बसूनहि कळला नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. येथेंच आपलीं सुशिक्षित घरें चुकतात. लोक काय म्हणतील या भयानें सुनेचें दुखणें झांकलें जातें, आणि बोटें कायमचीं वाकतात. हा रोग पापाचें फळ नव्हे. तो जंतूंचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं शिफारस केलेली बहुविध औषधयोजना सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते, व ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. मात्र बधिरता ६ महिन्यांहून जुनी होण्यापूर्वींच उपचार झाल्यास तंतु सावरण्याची आशा अधिक. सासूबाईंनीं आधीं सुनेचा हात पाहावा, शेजारणीचें तोंड मागाहून.